बोंडअळीचे फोटो आणि दहा सोप्या युक्त्या

१३ नोव्हेंबर २०१७, सोमवार. सकाळी ९
शेतकरी गटाचा कॉम्प्युटर अखेर माझ्या घरी आला. सचिव मी, दुसरीकडे जाणार कुठे? बोंडअळीनं गावाची पऱ्हाटी, म्हणजे उभा कापूस, पोखरली. चाळीस वावरांचे फोटो शुक्रवारपर्यंत बुलढाण्याच्या कृषी कार्यालयाला मेल करायचे. ते पाहून पंचनाम्याला पथक येणार, आणि पंचनामा झाला तरच भरपाई. आमचेही दोन एकर त्यात आहेत. काम पाच मिनिटांचं. पण स्क्रीन फारच रडकी दिसते. रविवारच्या पुरवणीतलं 'डेस्कटॉप सजवा : दहा सोप्या युक्त्या' कापून ठेवलंय. आधी ते, मग काम.

सायंकाळी
गटातल्या जुनेदनं चार दिवस वावरं तुडवून मोबाइलवर फोटो काढलेत. 'बोंडअळी' नावाच्या फोल्डरमध्ये घेतले. मोबाइलमधले डिलीट कर म्हटलं, उगाच जागा अडते. जरा कचरला. लोकांचा डिजिटलवर विश्वास नाही, दुसरं काय.

१४ नोव्हेंबर
युक्ती दुसरी : टास्कबार आपोआप लपवा. लपवला. जेवणापर्यंत सापडला नाही. म्हणजे युक्ती चोख आहे.

१५ नोव्हेंबर
युक्ती चौथी : वॉलपेपर दर मिनिटाला बदलू द्या, आपलेच फोटो लावा. फोल्डर एकच होतं, तेच लावलं. जेवताना समोर हातभर गुलाबी अळी. बायको, पुष्पांजली, ताट उचलून चुलीपाशी गेली. ज्या कामाले आणला थे करा, म्हणाली. सौंदर्यदृष्टी सगळ्यांनाच नसते.

१६ नोव्हेंबर, गुरुवार
अळ्या काढून टाकल्या. नेटवरून पांढऱ्याशुभ्र कापसाचे चाळीस फोटो उतरवून त्याच फोल्डरमध्ये भरले. काय वावरं आहेत! युक्ती सातवी : रिसायकल बिन रिकामा करा, कॉम्प्युटर हलका होतो. केला. खरंच हलका झाला.
रुखमाबाई येऊन गेल्या. चार एकर, कसणाऱ्या एकट्या. फोटो गेले का, विचारत होत्या. उद्या म्हटलं. घाई फार लोकांना.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ४.५०
युक्ती आठवी : आयकॉन लपवा. सकाळी लपवले, त्यामुळे फोल्डर शोधण्यात तीन तास गेले. पण गेला मेल एकदाचा. फोटो उघडून पाहिले नाहीत. मीच तर भरलेत.
रुखमाबाई पुन्हा. पऱ्हाटी उपटून गहू पेरायचा म्हणाल्या, उपटू काय? खुशाल उपटा म्हटलं, पुरावा माझ्याकडे आहे.

२२ नोव्हेंबर
गावानं सगळी पऱ्हाटी उपटली. माझ्या शब्दाला वजन आहे. माऊसच्या बाणाचा मोर केला.

२७ नोव्हेंबर, सोमवार
बुलढाण्याहून उत्तर : 'फोटो पाहिले. आपल्या गावातील कापसाचे पीक उत्कृष्ट आहे. पंचनाम्याची आवश्यकता नाही. अभिनंदन.'
अभिनंदन वाचून छाती फुगली. मग वरच्या ओळी पुन्हा वाचल्या. मग फोल्डर उघडलं.
कात्रण उलटंसुलटं पाहिलं. डिलीट झालेलं परत कसं आणावं, ही युक्ती दहात नाही. छापणाऱ्यांचा हलगर्जीपणा.

२८ नोव्हेंबर
जुनेदला पुन्हा फोटो काढायला सांगितलं. कायचे काढू, म्हणाला, वावरात आता गहू हाये. पहिले तुमीच डिलीट कराले लावले. आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं.
रात्री झोप नाही. चूक माझी आहे असं क्षणभर वाटलं. बहुधा पित्त असावं.

२९ नोव्हेंबर. सकाळी ८
अंगणात बाया. सगळ्यांच्या कमरेला कापूस वेचायच्या झोळ्या. रुखमाबाई आत आल्या, खुर्चीवर टेकल्या, स्क्रीनवर वावरामागून वावर पाहत राहिल्या. ही तांत्रिक अडचण आहे, असं मी समजावायला लागलो.
"राहू द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "हे वावर कोन्या शिवारात हाये तेवढं सांगा. आमी येचाले आलो."
मी माऊसचा मोर स्क्रीनभर फिरवला. त्या बाहेर जाऊन बायांत बसल्या.
खिडकीतून मोजल्या. बारा जणी. बारावी पुष्पांजली आहे, झोळी बांधून. आज घरात चूल पेटलेली नाही.