राजाला लागलेला हात

प्रिय तराजू,

‘प्रिय’ लिहिताना जिवावर आलं, पण पत्राला काहीतरी सुरुवात लागते म्हणून लिहिलं. त्यातून भलता अर्थ काढू नकोस. अक्षर वेडंवाकडं आहे. लागलं नाही तर भिंग घेऊन बस. वजनमापे खात्यात असताना दुकानदारांच्या काट्यांवर तेच घेऊन बसायचास ना. चार ओळींत आटपणार होतो, पण तुझ्याबद्दल लिहायला घेतलं की राग आवरत नाही, त्यामुळे लांबणार.

सायकलच्या दुकानावरची ती बुद्धिबळ क्लबाची खोली, टायरच्या रबराचा वास, एक पाय आखूड असलेलं टेबल आणि समोर तुझं थोबाड. माझं अर्धं आयुष्य हे बघण्यात गेलं. मी चाल केली की तू छताकडे बघून ‘असं का’ म्हणायचास. चाल चांगली असो की भिकार, तुझं आपलं ‘असं का’. त्यानं माझं डोकं फिरायचं, आणि ते फिरावं म्हणूनच तू म्हणायचास. वर चहाचा फुरका. तुझी वहिनी म्हणायची, एवढा त्रास होतो तर दुसऱ्या कुणाशी खेळा. दुसरे होतेच, पण त्यांना हरवून काय मिळणार होतं?

हात लागेल ती सोंगटी हलवायची, हा नियम सगळीकडे असतो. चुकून धक्का लागला तर माफ, हेही सगळीकडे असतं. आपल्या क्लबात मात्र ती माफी नाही, आणि ती गेली आपल्या दोघांच्या भांडणापायी. तुझ्या सैल बाहीनं उंट आडवा केला होता, तो मी तुला हलवायला लावला, आणि तू सगळ्यांचे डाव थांबवून हुज्जत घातलीस. शेवटी सेक्रेटरीनं वैतागून ठरवून टाकलं, हात लागो, बाही लागो, नाकावरचा चष्मा पडो, लागली ती सोंगटी हलवायची. तेव्हापासून तू अर्ध्या बाहीचे शर्ट घालतोस. कडाक्याच्या थंडीतसुद्धा. इतका खुनशी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता गेल्या वर्षीच्या स्पर्धेतला तो शेवटचा डाव. आपले गुण सारखे होते, जिंकेल त्याचं नाव क्लबातल्या विजेत्यांच्या फळ्यावर. त्याआधीच माझा उजवा हात थरथरायला लागला होता. सलूनमध्ये वस्तरा मी मुलाच्या हाती दिला, पण तोवर नेहमीच्या गिऱ्हाइकांना अचानक दाढी वाढवायची हौस आली होती. तोंडावर कुणी काही बोललं नाही. म्हणून तो डाव मला हवा होता. पटावर तरी मी पूर्वीचाच आहे, हे मला स्वतःला बघायचं होतं.

घोडा देऊन मी तुझ्या राजाची तटबंदी फोडली. तू दातओठ खात सावरलंस, एकेक सोंगटी मागे आणलीस, वजिराला वजीर मारून घेतलास. दोघांच्याही घड्याळात मोजकीच मिनिटं उरली होती. बाकीचे आपापले डाव टाकून भोवती उभे राहिले. आणि मला मात दिसली. राजाशेजारचा हत्ती उचलायचा, शेवटच्या ओळीत ठेवायचा, संपलं. तुलाही ती दिसली होती, कारण त्या दिवशी पहिल्यांदाच तू छताकडे न बघता माझ्या हाताकडे बघत होतास. हात हत्तीकडे निघाला आणि थरथरत राजाला लागला.

तू घड्याळ थांबवलंस आणि म्हणालास, राजा हलव. भोवतालचे सगळे कळवळले. सेक्रेटरी म्हणाला, अहो, त्यांच्या हाताचं माहीत आहे ना तुम्हाला, जाऊ द्या. तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. परत म्हणालास, राजा हलव. राजाला जायला एकच घर होतं, आणि तिथे गेला की हत्ती तुझ्या उंटाच्या तोंडी उघडा पडत होता. मी राजा हलवला. तू हत्ती खाल्लास आणि मग सावकाश चहा संपवलास. मी हात न मिळवता जिना उतरलो. घरी येऊन तुला अशा शिव्या घातल्या की तुझी वहिनी स्वयंपाकघराचं दार लावून बसली. त्यातली एकही मी आज मागे घेत नाही.

नंतर डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि क्लबातली सगळी माणसं एकदम भली झाली. सेक्रेटरीनं माझ्यासाठी रुंद बुडाच्या जड सोंगट्या आणल्या. माझी चाल चुकली की, असू द्या हो, परत घ्या, म्हणतात. एका प्याद्यासाठी समोरच्याचा बाप काढणारा गडी परवा वजीर शाबूत असताना ‘हरलो’ म्हणून उठला. मी जिंकत सुटलोय. जिंकून घरी येतो आणि घास उतरत नाही. तुझी वहिनी खूश, तिला वाटतं माझे दिवस पालटले. तू तेवढा माझ्या वाटेला आला नाहीस. जिन्यात भेटलास की तोंड फिरवायचास, आणि खरं सांगतो, मला तेवढंच बरं वाटायचं.

काल सेक्रेटरी सलूनमध्ये आला. मुलाकडून केस कापून घेता घेता म्हणाला, खूशखबर आहे. यंदाच्या स्पर्धेत पहिलाच डाव तुमचा आणि तराजूचा, आणि हात लागण्याचा नियम तुमच्यापुरता नको, असं बैठकीत उभं राहून तराजूनंच सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मी आरशासमोरची खुर्ची धरून बसलो. डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो. बाकीच्यांनी दया केली तर म्हणता येत होतं, यांना खेळ कळत नाही. तुला कळतो. मला आजारी न समजता वैरी समजणारा एकच माणूस उरला होता, आणि तोही आता त्यांच्यात जाऊन बसला. म्हणून हे पत्र. पुन्हा बैठकीत उभा राहा आणि शब्द मागे घे. माझा हात चुकला तर घड्याळ थांबव आणि राजा हलवायला लाव. हरलो तर हरलो. हे जमणार नसेल तर माझ्यासमोर बसू नकोस. तुझ्याकडून भीक घेण्याइतका मी अजून आजारी नाही.

अजूनही तुझाच वैरी,
वस्तरा