७३९३९१३३ खालच्या आठ खुर्च्या

४ जानेवारी
लालबागला राहायला आलो. मावशीची खोली नावावर झाली आणि लगेच चाळ कमिटीतही घेतलं. लेखक माणूस आहे, अर्जबिर्ज लिहील, असं अध्यक्ष बाबुरावांचं म्हणणं. साहित्याची एवढी कदर पुण्यात नाही झाली!
कमिटीची खोली म्हणजे गंगाधर मास्तरांचा क्लास. मास्तर हॉस्पिटलात असताना कमिटीने कुलूप तोडून ती घेतली. परत आले ते जिन्याखाली राहिले, तिथेच गेले. त्यांची बायको सुंदराबाई अजून तिथेच राहते.
भिंतीवर मास्तरांनी रंगवलेला आकडा मात्र आहे : ७३९३९१३३. बाबुराव त्यांचेच विद्यार्थी. कौतुकाने सांगत होते, एक आणि ती स्वतः सोडून या संख्येला कशानेच भाग जात नाही. उजवीकडचा अंक उडवा, उरलेलीलाही नाही. असं पार सातापर्यंत. या जातीची याहून मोठी संख्याच नाही म्हणे. प्रत्येक अंकाखाली एकेकाची खुर्ची. मी सातखालची पकडली. पंखा तिथे आहे.

९ जानेवारी
बिल्डरला चाळ मोकळी हवी. ठराव मी लिहिला : ‘जिन्याखालील अडगळ हलवणे.’ अडगळ या शब्दावर आठही जण पोट धरून हसलो. आमच्यातल्या हेरंबने सुंदराबाईचा स्टोव्ह, गोधड्या, मास्तरांचा फोटो, सगळं रस्त्यावर ठेवलं. बाई रडली नाही. खिडकीतून आकड्याकडे बघत म्हणाली, मास्तर, करा सुरू. आणि वरळी कोळीवाड्यात भाचीकडे निघून गेली.

१० जानेवारी
हेरंब जिन्याखाली सापडला. एवढा आडदांड गडी, गुडघे छातीशी, चादरीसारखा घडी घातलेला. डॉक्टर म्हणाले हार्ट.
भिंतीवरचा शेवटचा तीन नाही. त्याखाली हेरंब बसायचा. रंग जुना असेल, असं मी म्हटलं. बाबुराव नुसते पुटपुटत होते, हिलाही भाग जात नाही.

१३ जानेवारी
हेरंबच्या शेजारचा सुशांत. जिन्याखालीच. त्याच्या डोक्यावरचा तीनही गेला. मी मार्करने परत लिहिला. सकाळी साफ. ७३९३९१.

१७ जानेवारी
७३९३. आणखी दोघे. त्यातला एक चिपळूणला पळाला होता. सापडला इथेच.

१९ जानेवारी
वरळीला गेलो. सुंदराबाईला म्हटलं, माझी खोली घ्या. ती बोंबील साफ करत होती. म्हणाली, अडगळीला कशाला रे खोली? माझ्या हातात काय आहे बाबा, गणित त्यांचं. आणि अर्धं गणित टाकून उठायची त्यांना सवय नव्हती. मग हसली. चहासुद्धा दिला.

२१ जानेवारी
७३. उरलो मी आणि बाबुराव. ते म्हणतात खुर्ची बदलू. मी नाही म्हटलं. त्यांनी मला दिलेली शिवी लिहिण्यासारखी नाही.

२२ जानेवारी
७. बाबुराव —

२३ जानेवारी
दार लावलंय. खोलीतच आहे — खोलीतच होतो. छत तिरकं का — पायऱ्या — माझ्या डोक्यावर पायऱ्या — कुणीतरी सावकाश उतरतंय. खडूचा वास. गुडघे सरळ होत नाहीत. मास्तर, मी नवीन आहे हो. ठराव त्यांचा होता, मी फक्त शब्द —