जांभळ्या धानातला करगा

२७ जुलै
‘निंदून निंदून कंबर मोडलेल्या बायांनो, करगा आपलंच खत खातो आणि कापणीआधी दाणा गाळून मोकळा होतो!’ — रविवारच्या सभेत सुरुवात अशीच करायची.

करगा म्हणजे रानटी धान. कोवळेपणी ओळखूच येत नाही. म्हणून तर तीन वर्षं आमच्या बायांच्या गटातल्या सगळ्यांना जांभळ्या पानांचं धान पेरायला लावलं; करगा हिरवा. हिरवं दिसलं की उपटा! मग गेल्या वर्षी माझ्या शेतात दाणा गळाला कसा? मी एक हिरवं रोप ठेवलं नव्हतं. आणि यंदा याच शेतातलं बियाणं सगळ्या घरांना जायचं आहे.

कुणीतरी आणून टाकतंय. मनटोरा — दुसरं कोण? तिच्या डबरीच्या, शेतातल्या तळीच्या काठी पसहर आपोआप उगवतं, करग्याचंच भावंड. परवा माझ्या बांधावरून गेली, डोक्यावर टोपली. काय आहे विचारलं तर म्हणे, शेण. शेण कुणी झाकून नेतं?

३ ऑगस्ट
बोलले. नाव घ्यावंच लागलं नाही, सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. तिला गटातून काढलं. आता तिला बियाणं नाही.

उठताना म्हणाली, ‘दीदी, जिभेइतके हात चालले असते ना तुझे, तर करगा उरला नसता.’

चोराच्या उलट्या बोंबा.

१४ ऑगस्ट, कमरछठ
पोरांसाठी उपास. नांगर न लागलेलंच खायचं, म्हणून पसहरचा भात. दरवर्षी मनटोराच सगळ्यांना पुरवते. यंदाही सूप घेऊन दारात! मी मूठभर घेतलं, उजेडात धरून पाहिलं. दाणे तांबडे, करग्यासारखेच.

‘शिजव गं,’ ती म्हणाली. ‘उपास तुझ्या पोराचा आहे, माझा नाही.’

नाही शिजवलं. उपाशीच राहिले.

२ सप्टेंबर
ती बाजाराला गेलेली पाहून तिच्या डबरीवर जाऊन आले. पसहर उपटून पाहिलं. आपलं धान मूठ आवळल्यासारखं सरळ वर जातं. हे बुडातूनच फाकलेलं, फुटवे चहूकडे, जमिनीसरसे. पण पानं हिरवीगार, सगळीच्या सगळी. माझ्या शेतात तर एक हिरवं पान नाही. मग हिनं टाकलं ते गेलं कुठे?

६ सप्टेंबर
आज रंग पाहिलाच नाही. माझ्या शेतात वाकून नुसती बुडं बघत गेले. फाकलेली. जागोजागी. जांभळी!

९ सप्टेंबर
लोंब्या बाहेर आल्या. लांबच लांब कुसळं. करगाच.

माझ्याच धानाशी संकर होऊन जांभळा झालेला. हिरवा तेवढा आम्ही उपटला, जांभळा राखला. दरवर्षी, निवडून. मनटोराच्या डबरीत अजून सगळं हिरवंच आहे.

१० सप्टेंबर
सभेआधी मनटोराच्या दारात जायचं. सभेत जे बोलायचं ते तिला सगळ्यांत आधी ऐकवायचं —

‘बायांनो, उद्या सकाळी विळे घेऊन माझ्या शेतात या. दाणा गळायच्या आत सगळं कापा आणि गुरांपुढे टाका.’