धुऱ्यावरचं काटवल

धरमपेठ, नागपूर
ता. २३ ऑगस्ट १९७५

चि. सौ. सुभद्रा हीस,
अ. उ. आ. वि. वि.
श्रावण अर्धा सरला, तरी पारशिवनीहून काटवलाची पिशवी आली नाही. आईनं शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेनं लावलेले ते वेल. दरवर्षी रामाजी न विसरता भाजी पाठवतो. मी शाळेतून निवृत्त झाले आहे, बहीण म्हणून नव्हे, हे त्याला सांग. दुसऱ्या कुणाला दिली असशील तर तेही कळव. मला नेमकं रागवायला आवडतं.
मी लावलेलं लँटानाचं कुंपण फुललं असेलच.
लोभ असावा, काटवल नसलं तरी.
तुझी नणंद,
सुमती

पारशिवनी
ता. २९ ऑगस्ट १९७५

ती. बाईंना,
शि. सा. न. वि. वि.
तुमच्या भावानं पत्र वाचलं, घडी केली आन् टोपीखाली ठेवलं. म्हणून मीच लिहून राहिली. काटवल कोणालेच दिलं नाही. आलंच नाही.
पाच वर्षांमागं तुम्ही नागपूरहून फांद्या आणल्या, छत्री धरून उभ्या राहिल्या आन् कवडू गड्याकडून धुराभर लावून घेतल्या. तुम्ही लँटाना म्हणता, आम्ही घाणेरी. ती आता पुरुषभर वाढली. तिच्याखाली उजेड नाही. काटवलच काय, बोराचं रोप नाही, गवत नाही. बकऱ्याही तोंड लावत नाहीत. कवडूनं दोनदा कुऱ्हाड उचलली, पण यांनी हात धरला. म्हणे, बाई आली की आधी कुंपण पाहते, तिच्या हातचं तोडू नये.
टोकाले तीन वेल जिवंत आहेत. तेही दबले तर तुमच्या आईचं, आत्याबाईंचं बी संपलं. माझं इथं कोण ऐकते? तुम्हीच सांगा यांना.
राग केला तरी माया राहू द्यावी.
तुमची,
सुभद्रा

नागपूर
ता. ४ सप्टेंबर १९७५

चि. सौ. सुभद्रा हीस,
अ. उ. आ. वि. वि.
तीस वर्षं मी मुलींना फळ्यावर पान काढून, झाडाला उजेड लागतो हे शिकवलं. मग गावी येऊन आईच्या वेलांवर अंधार पाडला. आमच्या कॉन्व्हेंटात हेच कुंपण कसं शहाण्यासारखं उभं असे! माळी ते दर आठवड्याला छाटायचा, हे मात्र माझ्या शिक्षणात आलं नाही.
पाच वर्षं कुणी मला सांगायला धजलं नाही, हे वाचून आधी अभिमान वाटला. लाज नंतर वाटली, जेवताना.
रामाजीला म्हणावं, बहिणीच्या हातचं तोडायचं नसेल तर बहीणच येते. रविवारी सकाळच्या एस.टी.नं. कुदळ काढून ठेव. नुसती छाटली तर पुन्हा फुटेल, मुळासकट काढू. मी खणताना कुणी हसलं तर चालेल, उभं राहून पाहिलेलं चालणार नाही.
आहे तो लोभ जपून ठेव, मला लागेल.
सुमती

पारशिवनी
ता. १२ ऑगस्ट १९७६

ती. बाईंना,
शि. सा. न. वि. वि.
गेल्या साली घाणेरी खणताना आलेले तुमच्या हाताचे फोड आतापर्यंत बरे झाले असतीलच. पहिल्या पावसात घाणेरीची रोपं पुन्हा निघाली, पाखरांनी टाकलेली. मी आन् कवडू रोज उपटतो. आता यांचेही हात लागतात.
बाई, ते तीन वेल चढले. मधात, जिथं कुंपण दाट होतं, तिथंही एक कंद जमिनीत दम धरून होता. त्याले सात काटवलं लागली. यांनी पिशवी काढली होती, तुमच्यासाठी. मी तोडू दिली नाहीत. वेलावरच पिकू देणार आहे, बियाले.
पुढच्या वर्षीही पाठवीन असं वाटत नाही. धुरा लांब आहे, टोकापर्यंत बी लावायचं आहे.
माया असावीच.
सुभद्रा