बोट पाण्यात सोडण्यापूर्वीची व्यवस्था

मी, या कागदाखाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, गुडघे सोडून बाकी शरीर ठणठणीत आणि बुद्धी पूर्ण जागेवर असताना, कोणाच्याही दडपणाला न जुमानता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. दडपण होते ते बोटीत बसू नये म्हणून. परवा मुलगा चिडून म्हणाला, "आई, त्या डबड्यात बसून पाण्यात जायचंच असेल ना, तर आधी मृत्युपत्र कर!" बोलला रागाने, पण सल्ला चांगला होता.

मुलाशी करार असा झाला आहे: उद्या सकाळी बोट दीपस्तंभाला वळसा घालून स्वतःच्या जोरावर परत आली, तर ती राहील. दोरीने ओढून आणावी लागली, तर परस्पर भंगारवाला नेईल. मुलाने त्यासाठी नवी कोरी जाड दोरी आणून बोटीत ठेवलीसुद्धा! आज माझे कशातच मन लागत नाही, तेव्हा हे काम हातावेगळे करते.

वकीलबाईंनी बजावले आहे की मृत्युपत्रात मालमत्ता जास्त आणि गप्पा कमी असाव्यात. प्रयत्न करीन.

कलम १. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. वरची खोली मुलीने घ्यावी, कारण तिथून धक्का दिसतो. मुलाला धक्का दिसला की डोके दुखते.

कलम २. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणासाठी. तिने काय शिकावे यात कोणीही नाक खुपसू नये, आजोबांचे उदाहरण तर मुळीच देऊ नये.

कलम ३. शिलाई मशीन सुनेला. ती शिवत नाही हे मला माहीत आहे. पण मशीनचा आवाज बदलला की माझ्याआधी तिच्या कानाला कळते, आणि असा कान शिकवून येत नाही. मोठ्या कात्रीने कागद कापला, तर मात्र मी स्वप्नात येईन.

कलम ४. धाकट्या दिरांना एक जळलेला गिअर. आमचे हे गेल्यावर आठवड्याच्या आत त्यांनी मला "वहिनी, हे तुमचं काम नव्हे, बोट विकून टाका" असे सांगितले होते. पहिल्या चाचणीत आम्हाला ओढून आणले, तेव्हा धक्क्यावर उभे राहून टाळ्या वाजवणारेही तेच. गिअर टेबलावर ठेवावा, वाऱ्याने कागद उडत नाहीत.

कलम ५. बोट. हेच कलम लिहायला मी बसले आहे!

आमच्या यांनी ही बोट जुनी, तीन-चार हातांतून आलेली अशी घेतली. तिचे इंजिन आत असते आणि पंखा बाहेर पाण्यात. मागच्या फळीतून बाहेर निघून जो भाग या दोघांना जोडतो, त्याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. आम्ही त्याला पाय म्हणतो. यांना सोडवण्याची फार हौस, जोडण्याची कमी. हे गेले तेव्हा पाय शेडमध्ये सुटा पडला होता, नटबोल्ट काचेच्या बरण्यांत, आणि कुठल्या बरणीतले कुठे लागतात ते यांच्याबरोबरच गेले. मला त्यांचा भयंकर राग आला होता. अजून येतो, आणि मग फार आठवण येते.

त्या वेळी मदतीला आली ती मुलीची सासू, म्हणजे माझी विहीण. जन्मभर ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. रबरी हातमोजे घालून आली, पाने आणि स्क्रूड्रायव्हर ट्रेमध्ये ओळीने मांडले आणि म्हणाली, "सुरू करायचं का, विहीणबाई?" आम्ही दोघींनी पाणी आत येऊ न देणारा रबरी भाता फाटला होता तो बदलला, गंजलेले बेअरिंग ठोकून काढले, नवे बसवले, पाय चढवला. सगळे कसे "आधी तुम्ही", "छे छे, तुम्ही" असे चालले होते. मग चाचणी झाली. धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर पायाने असा टाहो फोडला की समुद्रपक्षी उडाले!

पाय उघडला. आतले तेल पाणी शिरून दुधाच्या चहासारखे झाले होते आणि गिअर जळून काळा पडला होता.

"जोडावरची एक रिंग ट्रेमध्ये उरली होती," विहीण म्हणाली. "मी मोजल्या होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

"समोर सर्जन असता तर ओरडले असते. विहिणीची चूक कशी काढायची?"

"आणि तुम्ही तेल वरून ओतत होता," मी म्हणाले. "पुस्तकात खालून भरा असं लिहिलंय. मी पाहत होते."

"मग?"

"तेच की! विहिणीला कसं बोलायचं?"

आम्ही तेलकट फरशीवर बसून पोट धरधरून हसलो. एकीने रिंग गाळली, दुसरीने वरून तेल ओतून आत हवा कोंडली, आणि दोघींनी अदबीने सगळे पाहिले! नवा गिअर आणला, आणि त्या दिवसापासून शेडमध्ये विहीणपण बंद. परवा ती म्हणाली, "अगं, हा क्लॅम्प तू काय डोळे मिटून लावलास?" मला इतके बरे वाटले म्हणून सांगू!

तेव्हा बोट निम्मी मुलीला आणि निम्मी माझ्या विहिणीला. अट एकच: तेल खालच्या भोकातून भरावे, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आधी वरचा स्क्रू लावावा, मग खालचा. अट मोडणाऱ्याचा वाटा रद्द.

(मध्येच उठून पाहून आले. भाता आतून कोरडा! तेल स्वच्छ!)

साक्षीला वकीलबाई आणि धक्क्याचा रखवालदार. विहीण वाटेकरी असल्यामुळे तिची साक्ष घ्यायची नाही. साक्षीदाराने सही केली की त्याचा वाटा जातो, असे वकीलबाईंनी सांगितले आहे.

पुढचे दुसऱ्या दिवशी लिहिले आहे, बोटीत बसून. वकीलबाईंचा पत्ता नव्हता आणि ओहोटी लागली होती, थांबणे शक्य नव्हते. रखवालदार दोरखंड सोडायला चढला आणि उतरायचे विसरला. म्हणजे साक्षीदार एकच, आणि लागतात दोन. मी कागद मिटून ठेवू लागले, तर विहिणीने तो ओढून घेतला.

"अगं, वेडी आहेस का? सही केलीस तर तुझा वाटा जाईल!" मी ओरडले. इंजिनापुढे ओरडावेच लागते.

"जाऊ दे! तू मेल्यावर मिळालेली बोट घेऊन मी काय करू? एकटी बसू? मला आज बसायचंय. पेन आण इकडे."

तिने सही केली. त्यामुळे कलम ५ मधला तिचा वाटा रद्द झाला आहे. तो कोणाला द्यायचा ते पुढे बघू. मला सध्या मरायला सवड नाही.

लिहून देणार: सही (हात थरथरला नाही, बोट थरथरते आहे)

साक्षीदार १: धक्क्याचा रखवालदार, सही

साक्षीदार २: मुलीची सासू, सही, त्यावर तेलाचा अंगठा

दिनांक: आजचा, वकीलबाईंनी नीट घालावा

ठिकाण: दीपस्तंभाला वळसा घालून परतीच्या वाटेवर. धक्क्यावर मुलगा दिसतो आहे, दोन्ही हात हलवतो आहे. दोरी कोरडी आहे.