मनात वाचायचं पत्र

दि. ३ फेब्रुवारी

चि. नातीस,

म्हातारीचे अनेक आशीर्वाद. ‘म्हातारी’ हा शब्द मीच सांगितलाय. खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर ‘वयोवृद्ध’ लिहायला निघाले होते. दवाखाना सुटल्यापासून त्यांना माझी पत्रं लिहिण्यावाचून उद्योग नाही, आणि मला त्यांच्या अक्षरावर भरवसा ठेवण्यावाचून.

गुडघे आहेत तसेच. जिना दिवसातून एकदाच सोसतो. तुझं काय? जेवतेस का वेळेवर? का पोपटांना फळं आणि तुला बिस्किटं? गेल्या वर्षी तुम्ही पिंजऱ्यात वाढवून रानात सोडलेले अकराही पोपट ससाण्यानं नेले, हे तू दोन ओळींत कळवलंस आणि पुढे नुसतं ‘बाकी ठीक’. ते ‘बाकी’ मला कळतं बरं.

पत्र नेहमीसारखं मोठ्यानं वाच. मला वाचता येत नाही म्हणून आपल्या घरी पत्र मोठ्यानंच वाचलं गेलं. मुक्यानं वाचलेलं पत्र पोचल्यासारखं वाटत नाही.

आहे ती माया तशीच ठेव.
तुझी आजी

दि. २६ फेब्रुवारी

ती. आजीस,

सा. न. वि. वि. घोळ झालाय, आणि तो मी घातलाय. माझी खोली पिंजऱ्याला लागून आहे, मध्ये नुसता पत्रा. पोपटांनी माणूस बघायचा नाही, ऐकायचा नाही. म्हणून आम्ही अंगभर करडे झगे घालून, तोंड मिटून, नळीतून फळं आत सोडतो. माणसाला सरावलेला पोपट सुटला की थेट वस्तीत येतो, आणि विकला जातो. या जातीचे जेमतेम साठ उरलेत.

आणि मी शहाणी रोज संध्याकाळी तुझी पत्रं मोठ्यानं वाचत बसले. काल सातव्या नंबरच्या मादीनं दांडीवरून विचारलं, जेवतेस का वेळेवर. हुबेहूब तुझ्या सुरात. केंद्राचे साहेब रागावले नाहीत. चष्मा काढून नुसते डोळे चोळत राहिले, त्याचंच जास्त लागलं. एप्रिलअखेर सोडायचंय. तोवर तिचं बोलणं थांबलं नाही तर ती जन्मभर पिंजऱ्यात. सहा वर्षं झाली, आजी. दमले.

तुझीच,
नात

दि. ८ मार्च

चि. नातीस,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचताना कंपाउंडर खो खो हसले, मग माझं तोंड बघून पुढची ओळ वाचू लागले. मोठ्यानं वाच म्हणणारी मीच; तेव्हा निम्मा घोळ माझा. जन्मभर माझं कुणी ऐकलं नाही, तुझ्या आजोबांनी तर नाहीच. ऐकलं ते या बयेनं, तेही नको तिथे.

मनात वाच म्हणावं, तर लहानपणापासून तुझे ओठ हलतात. म्हणून मीच गप्प बसते. महिन्यातून एकदा कोऱ्या कागदावर माझा अंगठा येईल. आला की समजायचं, म्हातारी आहे. तूही लिहू नकोस, लिहिताना पुटपुटतेस.

राग नसावा, आठवण असावी.
आजी

दि. २३ मार्च

(कोरा कागद. मधोमध निळ्या शाईचा अंगठा.)

दि. ८ एप्रिल

(कोरा कागद. अंगठा जरा तिरका. कोपऱ्यात बारीक अक्षरात: जिना बंद झाला. आता मी वर जातो. काळजी नसावी. मनात वाचावे. – कंपाउंडर)

दि. २ मे

ती. आजीस,

सा. न. वि. वि. आधी सांग, गुडघे कसे आहेत?

सातवी पहिले वीस दिवस रोज सकाळी विचारायची. आम्ही कुणीच उत्तर दिलं नाही. तुझ्या सुराला उत्तर न देता फळं सोडत राहणं किती जड गेलं, काय सांगू. मग ती अर्धंच म्हणायला लागली, मग नुसता सूर, मग तोही थांबला.

परवा दार उघडलं. बाकीचे भुर्रकन गेले. सातवी उंबऱ्यावरच बसली. झग्याआड मी. तिनं माझ्याकडे मान वळवली. वाटलं, आता विचारते. नाही विचारलं. वर ससाणा दिसताच दाट झाडीत घुसली. आज सकाळपर्यंत तरी तिच्या गळ्यातलं, ठावठिकाणा कळवणारं यंत्र हलतंय. पुढचं माहीत नाही.

पिंजरा रिकामा आहे. तुझे दोन्ही अंगठे उशाशी आहेत. आता बोल.

तुझीच,
नात

दि. १४ मे

चि. नातीस,

आशीर्वाद. दोन महिन्यांचं साचलंय, पण आज तेवढा दम नाही. कंपाउंडरही लिहायचं सोडून पाचव्यांदा शाई भरतायत. पाखरू विसरलं ते बरं झालं. तू विसरू नकोस.

जेवतेस का वेळेवर?

मोठ्यानं वाच. आणि या खेपेला उत्तर दे.

तुझी आजी