देठाचं विरजण

शिरवळ
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५
सकाळी साडेसात

आबा,

पायावर डोकं ठेवतो. आईच्याही. आम्ही दोघं बरे आहोत. तुम्ही, आई, सयाजीदादा, राणीवहिनी, सगळे ठीक असाल असं धरून चालतो. लंगडणाऱ्या मेंढ्याचा पाय सुधारला का ते कळलं नाही, कारण कळवणारं कुणी नाही. इकडे पहाटे चांगलीच थंडी पडते. माझी आज सुट्टी, दीपमालाची पहिली पाळी. ती साडेसहाला पॅकिंगवर गेली, तीनला सुटेल.

फोन न करता पत्र का, ते आधी सांगतो. फोनवर तुम्ही "हां, बोल" म्हणालात की माझी जीभ टाळूला चिकटते आणि मी "काय न्हाई, सहज" म्हणून ठेवून देतो. नववीपर्यंतच शिकलो, पण माझ्या शुद्धलेखनाला बाईंनी कधी लाल रेघ मारली नाही. जे बोलता येत नाही ते लिहून पाहतो. हे पत्र तुम्ही आईला वाचून दाखवाल. कृपा करून मधलं काही गाळू नका. पेपर वाचतानाही तुम्ही गाळता आणि आईला ते कळतं, ती फक्त बोलत नाही.

म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाचा, दादाच्या फोनवरून आलेला तुमचा निरोप मी चार वेळा ऐकला. "रथाला ये. देवाचं काम हाय, घरातली मानसं पायजेत. एकटाच ये." त्याच्या मागून दादाचा आवाज, "आनि येताना मोठा डबा आन गड्या, चोरून न्यायला बरा पडंल." मग हसणं.

चोरीबद्दल लिहायचं आहेच. पण आधी समोर काय चाललंय ते सांगतो, म्हणजे हात स्थिर होईल. ओट्यावर ओव्हन आहे आणि त्यात दही लागतंय.

होय, मीच लावलंय. मागे दादाला फोनवर हे बोलून गेलो, तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, "बापय गडी विरजान लावाय लागला, आता लुगडं तेवढं नेसायचं ऱ्हायलंय." दादा म्हणाला, "बलबाखाली कोंबडीची पिल्लं वाढवत्यात रं, दही न्हाई. उद्या अंडी ठेव." ठीक आहे. तरी लावलं, आणि पुढेही लावणार. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये रोजचं चाळीस लिटर दूध मीच तापवतो. ते पिणाऱ्या दोनशे माणसांपैकी एकालाही माझ्या लुगड्याची काळजी पडलेली नाही.

ओव्हन म्हणजे पत्र्याची पेटी, काचेचं दार, आत तापणाऱ्या कांड्या आणि एक लहान बल्ब. शेजारची सोनिया पुण्याला राहायला गेली तेव्हा दीपमालाने तिच्याकडून घेतला, नानकटाई करायला. दही लावायची पद्धत अशी. दूध तापवायचं, मग करंगळी बुडवून सावकाश दहापर्यंत मोजता येईल इतकं निववायचं. आठ मोजतानाच बोट काढावं लागलं तर अजून गरम आहे. तोवर ओव्हन पाच मिनिटं तापवून बंद करायचा, आतला बल्ब तेवढा चालू ठेवायचा, विरजण लावलेलं पातेलं झाकून आत ठेवायचं आणि दार उघडायचं नाही. हे 'उघडायचं नाही' मला फार जड जातं. दर दहा मिनिटांनी काचेतून बघतो, आणि झाकणच दिसतं. आज सातला ठेवलंय. तीनच्या आत हात लावणार नाही.

पहिल्यांदा मी ओव्हन बंदच केला नव्हता. दूध फाटून चोथा झाला. दीपमालाने तो साखर घालून आटवला आणि म्हणाली, "दही न्हाई, पर कलाकंद झ्याक जमतोय तुमाला." दुसऱ्यांदा लाइट गेली, बल्ब विझला, दूध दूधच राहिलं. तिसऱ्यांदा लागलं.

कशाचं विरजण, हे आई विचारेल. हिरव्या मिरचीच्या देठांचं. दहा-बारा देठ धुऊन कोमट दुधात सोडले. आलं ते पातळ, तारेचं, जरा तिखट वासाचं. ते खाल्लं नाही. त्यातलं दोन चमचे पुढच्या दुधाला लावलं, त्यातलं त्याच्या पुढच्या. लागलेलं पहिलं धरून आजचं हे चौथं दही. म्हणजे आमचं विरजण याच खोलीत जन्मलेलं आहे.

शेजारून चमचाभर का मागितलं नाही, दुकानातली पिशवी का आणली नाही, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. दीपमाला म्हणाली, "मागून आनलेलं त्यांचं. आपलं कवा हुनार?" ती असं का म्हणाली ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.

आपल्या घरी नवी सून आली की पाचव्या दिवशी आई तिच्या नव्या भांड्यात आपलं विरजण घालते. आईला तिच्या सासूने घातलं, राणीवहिनीला आईने घातलं. तिथून पुढे ती सून घरची. दीपमाला भांडं घेऊन ओसरीवर उभी राहिली तेव्हा आई आत निघून गेली. आई, तू रागाने गेलीस की कुणाच्या नजरेने गेलीस, हे मला अजून कळलेलं नाही. आबा, तुम्ही म्हणालात, "ऊसवाल्यांची पोर हाय. मेंढरं राखनाऱ्या घरचं दही तिला आंबट लागंल." दीड वर्ष झालं. ते भांडं तिने पेपरात गुंडाळून वर ठेवून दिलं.

या दिवाळीला तुम्ही असंच एकट्याला बोलावलंत आणि मी आलो. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. मी त्या दिवशी तुमच्या पंक्तीला बसलो होतो. निघताना दीपमाला आईचं नाव काढून म्हणाली होती, "जावा. आत्या वाट बघत आसतील." जेवताना दादाने विचारलं, "तुज्या बायकूला ताक घुसळाय येतंय का रं, का त्येला बी ट्रॅक्टर लागतोय?" सगळे हसले.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी फडताळातलं विरजणाचं मडकं उघडलं आणि स्टीलच्या डबीत दोन चमचे काढून घेतलं. ही माझी चोरी. आई, तुझ्या मडक्याला न विचारता हात लावला, त्याची माफी मागतो. तुझी मागतो. दादाची नाही.

त्याहून वाईट पुढचं आहे. एसटीत डबी मांडीवर धरून आणली आणि दीपमालाला सांगितलं, "आईने तुझ्यासाठी दिलंय." तिने वरचं भांडं काढलं, चिंचेने घासलं, त्याला हळदीकुंकू लावलं. मग पदराला हात पुसून वहिनीला फोन लावला, "आत्यास्नी सांगा, पावलं" असं म्हणायला. फोन स्पीकरवर होता. वहिनी म्हणाली, "कसलं विरजान गं?"

दीपमालाने फोन ठेवला. डबी घेऊन खाली गेली, नारळाच्या बुंध्याशी ओतली, नळावर विसळली आणि जाग्यावर ठेवली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी मिरच्या निवडताना म्हणाली, "आमच्या गावाकडं एक बाई देठावर दही लावायची. बघू या." तेवढ्या दोन शब्दांवर मी आज इथे ओव्हनसमोर बसलोय.

तर आता तुमच्या निरोपाचं उत्तर. मी एकटा येणार नाही. रथाला नाही, दिवाळीला नाही, बारशाला नाही, बाराव्यालाही नाही. तिच्या माहेरच्यांनी "धनगराची झालीस" म्हणून तिला तोडलं, तेव्हा ती त्यांच्या तोंडावर "व्हय, झाले" म्हणाली. मला तुमच्यासमोर तेवढंही म्हणता आलं नव्हतं. आज म्हणतो. दीपमाला माझी बायको आहे आणि तुमची सून आहे. विरजण दिलंत तरी आहे, न दिलंत तरी आहे. घरातली माणसं मोजताना तिला वगळायचं असेल तर मलाही वगळा, मोजणी बरोबर येईल.

एवढं लिहून दोनदा तपासलं. आता तीन वाजायची वाट बघतो.

दुपारी साडेचार

पत्र संपलं असं मला वाटलं होतं. संपलेलं नाही.

दीपमाला आली. मी म्हणालो, आधी दही बघू. ती म्हणाली, "आधी पत्र." हातपाय धुऊन दाराशी बसली आणि सगळं वाचलं. कुठे थांबली नाही. मग दोन पानं मागे गेली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"'सगळे हसले.' सगळे म्हंजी कोन कोन?"

"दादा. आबा. वहिनी."

"आनि?"

"आई हसली नाही," मी म्हणालो. आबा, ते खरं आहे. आई मान खाली घालून भाकरी थापत राहिली.

"आत्यांचं न्हाई इचारत मी."

मी कागदाकडे बघत राहिलो, जणू अजून एखादी वेलांटी तपासायची राहिली आहे. तिने बोट काढलं नाही.

"मी बी हसलो," म्हणालो. घरात मी असं बोलत नाही, पण त्या वेळी आपलीच बोली तोंडात आली.

"किती?"

असं कुणी विचारतं का? पण तिने विचारलं. मी खरं सांगितलं. दादाइतकाच. पाण्याचा ठसका लागला इतका.

ती उठली. मला वाटलं, आता पिशवी भरते. ती ओट्याकडे गेली, मला न बोलावता ओव्हनचं दार उघडलं, पातेलं बाहेर काढलं आणि झाकण काढून तिरकं केलं. दही हललं नाही. चमचा घातला तर कड सरळ कापली गेली, कडेला थेंबभर पाणी. तिने खाल्लं. बराच वेळ तोंडात ठेवलं.

"लागलंय," म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

"आंबट आहे?"

"हाय जरा. आंबटच आसतंय दही." मग चमचा धुताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "रथाला मी यीन. पर हसलेलं लिवा आधी. मामंजींनी वाचू दे, आत्यांनी ऐकू दे. आडून हसलेलं पुढ्यात येऊ दे, मग माझं पाऊल पडंल त्या ओसरीवर."

मी म्हणालो, "आबा गाळतील तो भाग."

"गाळू द्यात. तुमी गाळू नगा."

म्हणून लिहितो. ताटावर बसून माझ्या बायकोची थट्टा झाली तेव्हा मी हसलो. 'भीतीने हसलो' असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं, वर खाडाखोड दिसेल. कशानेही असो, हसलो. यापुढे हसणार नाही. माझ्यासमोर दुसरं कुणी हसलं तर ताट सोडून उठेन, मग ते ताट आईने वाढलेलं असलं तरी.

रथाच्या दिवशी अकराच्या आत आम्ही दोघं ओसरीवर असू. बरोबर आमच्या दह्याचा डबा असेल, नैवेद्याच्या दहीभातासाठी. तुम्हाला चाललं तर घरच्या दह्यात मिसळा. दार लावलेलं असलं तर ठोठावणार नाही, भांडणार नाही. तसेच म्हसवडात जाऊ, सगळ्या माणसांबरोबर रांगेत उभे राहू, सिद्धनाथाला आमच्या हाताने नैवेद्य दाखवू आणि दुपारच्या एसटीने परत फिरू. पण पुन्हा बोलावणं आलं तर ते दोन नावांनी आलं पाहिजे. एका नावाने आलेलं बोलावणं मी माझं समजणार नाही.

आई, तुझी तब्येत सांभाळ. गुडघ्याला तेल लावत जा.

हे पत्र आधी तिने वाचलं, नंतर तुम्ही वाचलंत. इथून पुढे माझं सगळं याच क्रमाने येईल.

तुमची दीपमाला (ही सही तिने स्वतः केली आहे)
आणि तिचा अर्जुना